बाळाच्या भुवईवरचा कोंडा आणि कपाटातली ट्यूब

चूल-भाकरी उरकून, गुरांना वैरण टाकून, कुणी निवडण घेऊन तर कुणी बाळाला मांडीवर घेऊन रेडिओजवळ बसला असाल. आज मी बचतीचं, कर्जाचं किंवा हप्त्याचं काही बोलणार नाही. आज बोलायचंय लहान मुलांच्या डोळ्यांभोवती जो कोंडा धरतो त्याविषयी. भुवयांत पिवळट खपल्या, पापण्यांच्या कडेला पांढरा भुगा, डोळ्याच्या वरची कातडी लालसर. पुष्कळ घरांत हे दिसतं आणि पुष्कळ घरांत त्यावर नको ते उपाय होतात. माझ्याही घरात झाले. म्हणून आधी माझीच चूक सांगते, मग माहिती सांगते.

माझा धाकटा दोन महिन्यांचा होता. टाळूवर जाड पिवळी खपली होती, ती हळूहळू भुवयांत उतरली. मग डोळ्यांवरच्या घडीतही तेलकट पापुद्रे दिसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अंगावरची उष्णता आहे, काजळ घाल." शेजारच्या काकू म्हणाल्या, "दृष्ट लागलीय." ह्यांनी तालुक्याला गेल्यावर मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. "बाळाला खाज आहे" एवढं सांगितलं आणि ट्यूब मिळाली. लावली. तीन दिवसांत कातडी स्वच्छ! मला वाटलं, काय गुणाचं औषध आहे.

आठवड्याने कोंडा परत आला. परत लावली, परत गेला. असं पाच-सहा आठवडे चाललं. मधेच माझ्या जाऊबाईंच्या मुलीलाही भुवयांत तसंच झालं, तर मी मोठ्या मनाने तीच ट्यूब त्यांना दिली. गटाच्या बायका मला विचारून चार गोष्टी करतात, माझ्यावर विश्वास ठेवतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे ती ट्यूब तिथून आणखी एका घरी गेली.

पुढे एक दिवस उजेडात बघितलं तर माझ्या लेकाच्या डोळ्यांवरची कातडी कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखी झालेली. आतल्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. लस द्यायला गेले तेव्हा डॉक्टरताईंनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय लावता?" मी ट्यूबचं नाव सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, कोंड्याने डोळा जात नाही. पण हे औषध डोळ्याजवळ असंच लावत राहिलात, तर डोळ्याला धोका होऊ शकतो." मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्यांचा दाब तपासला. सुदैवाने ठीक निघाला. घरी आले आणि आधी त्या दोन घरी जाऊन ट्यूबची चौकशी केली. तोंड कसंबसं दाखवलं, पण गेले.

आजच्या बोलण्याचं सार हेच आहे, मैत्रिणींनो. हा कोंडा साधा आहे. त्याला हवी असते रोजची हलक्या हाताची सफाई आणि धीर. धोका असतो तो आपल्या घाईत.

हा कोंडा म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरी भाषेत याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. आपल्या कातडीत तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. डोक्यावर, भुवयांत, नाकाच्या बाजूला, कानामागे त्या जास्त असतात. म्हणून तिथली कातडी तेलकट असते. याच तेलावर मॅलासेझिया नावाची एक बारीक बुरशी जगते. ती तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या अंगावर असते आणि एरवी काही त्रास देत नाही. पण काहींच्या कातडीला तिच्यामुळे चुरचुर होते, कातडी लाल होते आणि पेशी भराभर गळायला लागतात. त्या गळलेल्या पेशी आणि तेल मिळून ती पिवळी, चिकट खपली बनते.

तान्ह्या बाळात हे जास्त का दिसतं? आईच्या पोटात असताना आईच्या शरीरातली संप्रेरकं बाळाला मिळालेली असतात. त्यांच्यामुळे जन्मानंतर काही महिने बाळाच्या तेलग्रंथी जोरात चालतात. म्हणून साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत हा कोंडा सुरू होतो. पुढे ग्रंथी शांत होतात आणि बहुतेक बाळांचं वर्षाच्या आत आपोआप बरं होतं. नंतर वयात येताना तेलग्रंथी परत जाग्या होतात, तेव्हा मुलामुलींना डोक्यात कोंडा आणि त्याबरोबर भुवयांत, पापण्यांच्या कडेला भुगा दिसतो.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा संसर्ग नाही. एका बाळाचा दुसऱ्याला लागत नाही. अंगणवाडीत वेगळं बसवायची गरज नाही. दोन, आईने स्वच्छता ठेवली नाही म्हणून हे होत नाही. सुनेला बोल लावू नका. तीन, आईच्या खाण्यामुळे होत नाही. बाळाच्या भुवईवर कोंडा आला म्हणून बाळंतिणीचं तूप, अंडं, शेंगदाणे बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका. आईने पोटभर जेवावं आणि अंगावर पाजावं. लसही थांबवायची नाही.

तोच कोंडा आहे हे कसं ओळखायचं?

तेलकट कोंडा असेल तर खपली पिवळट, चिकट असते. बहुतेक वेळा टाळूवर आधी असते, मग भुवया, कानामागे, मानेच्या घडीत. बाळ मजेत असतं. दूध पितं, झोपतं, हसतं. खाज फारशी नसते. डोळा आतून स्वच्छ आणि पांढरा असतो.

आता डोळ्यांभोवती दिसणाऱ्या दुसऱ्या गोष्टी सांगते, कारण गल्लत इथेच होते.

बाळ गाल, डोळे सारखे उशीला घासत असेल, रात्री खाजेने रडत असेल, गालांवर, हातापायांवर कोरडे लाल चट्टे असतील, घरात कुणाला दमा असेल, तर तो इसब असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात.

एका डोळ्यातून सारखं पाणी येतं, सकाळी पापण्या चिकटतात, पण भुवयांत खपली नाही. असं असेल तर अश्रूंची नळी बंद असू शकते. डॉक्टर डोळ्याच्या कोपऱ्याला मालिश कशी करायची ते दाखवतात.

डोळ्याचा पांढरा भाग लाल, पू येतोय, घरात आणखी कुणाचे डोळे आलेत, तर ते डोळे येणं आहे, कोंडा नाही.

कडा उंचावलेला गोल चट्टा आहे आणि घरात इतरांनाही जांघेत, कमरेला खाज आहे, तर गजकर्ण असू शकतं. हे लागणारं असतं.

मोठ्या मुलीच्या पापणीच्या केसांना बारीक दाणे घट्ट चिकटलेत, पुसून निघत नाहीत, तर त्या लिखा असू शकतात. डोक्यातल्या उवांचं औषध पापणीला चुकूनही लावायचं नाही. डॉक्टरांना दाखवा.

आणि एक महत्त्वाचं. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती आणि शी-शूच्या जागी, अशा तिन्ही ठिकाणी लाल, सोललेले चट्टे आहेत, बाळाला जुलाब होताहेत, केस गळताहेत, वजन वाढत नाही, तर ते शरीरात जस्त कमी पडल्याने असू शकतं. त्याला वेळेवर औषध मिळालं की बाळ सुधारतं. मलम लावत बसू नका, ताबडतोब आरोग्य केंद्रात जा.

एक साधा नियम लक्षात ठेवा. साधारण एक वर्षापुढे आणि वयात येण्याच्या आधी, म्हणजे दोन ते नऊ-दहा वर्षांच्या मुलांना तेलकट कोंडा कमी वेळा होतो. या वयात भुवया-पापण्यांवर खपल्या दिसल्या, तर दुसरं काही असण्याची शक्यता जास्त. म्हणून घरी अंदाज न करता दाखवून घ्या.

घरी काय करायचं?

आता हातात वही असेल तर लिहून घ्या. नसेल तर नीट ऐका.

आधी डोकं. डोळ्यांभोवतीचा कोंडा बहुतेक वेळा डोक्यावरून येतो. डोक्यावरची खपली तशीच राहिली, तर भुवई कितीही पुसा, परत येईल. आंघोळीच्या अर्धा तास आधी खपलीवर थोडं खोबरेल तेल लावा. खपली मऊ झाली की मऊ कापडाने किंवा बाळाच्या मऊ ब्रशने हलकं चोळा. टाळूला घाबरू नका, हलक्या हाताने चोळलं तर काही होत नाही. मग बाळाच्या सौम्य शाम्पूने धुऊन टाका. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाळाचं डोकं थोडं मागे झुकवून धरा.

इथे एक सवय बदलायला हवी. आपण टाळू भरतो म्हणून दिवसभर तेल जिरवतो. पण मघाशी सांगितलं ना, ती बुरशी तेलावरच जगते. म्हणून या बाळांना तेल खपली मऊ करण्यापुरतं लावायचं आणि धुऊन काढायचं. तेल डोक्यावर मुरत ठेवायचं नाही.

आता भुवया आणि पापण्या. बाळ दूध पिऊन पेंगुळलेलं असेल तेव्हा हे काम सोपं जातं.

पहिलं, आपले हात साबणाने धुवा. नखं कापलेली हवीत, बांगड्या वर सारा.

दुसरं, पाणी उकळून कोमट होऊ द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. चटका नको, गारही नको.

तिसरं, जुन्या धुवट सुती साडीचे किंवा धोतराचे मऊ तुकडे उकळून, उन्हात कडक वाळवून डब्यात ठेवा. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा. पदराने पुसायचं नाही. पदराला दिवसभरात काय काय लागतं ते आपल्यालाच ठाऊक.

चौथं, तुकडा कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर, भुवईवर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवा. दाबायचं नाही. गार झाला की परत भिजवा. यानेच निम्मी खपली सुटते.

पाचवं, नाकाकडून कानाकडे एकदाच अलगद पुसा. परत पुसायचं तर कापडाची दुसरी स्वच्छ बाजू घ्या.

सहावं, भुवईतली खपली फारच जाड असेल तर बोटाच्या टोकाने खोबरेल तेलाचा पुसट हात भुवईवर द्या, दहा-पंधरा मिनिटांनी कोमट कापडाने पुसून घ्या. तेल पापणीच्या कडेला किंवा डोळ्यात जाऊ द्यायचं नाही.

सातवं, शेवटी कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्या. घासू नका.

हे दिवसातून एकदा, फार झालं तर दोनदा करा. जेवढं सुटेल तेवढं सुटू द्या. नखाने खपली उचकटायचा मोह आवरा. तशी उचकटली की खालची कातडी ओली होते, जंतू शिरतात, पापणीचे केसही तुटतात.

दोन आठवडे नेमाने केलं की फरक दिसायला लागतो. एक सांगून ठेवते. कोंडा जातो, परत येतो, परत जातो. परत आला म्हणजे तुमचं चुकलं असं नाही. परत सफाई सुरू करायची, एवढंच.

काय करायचं नाही?

काजळ नको. हे ऐकून घरातल्या आजींना वाईट वाटेल, मला कल्पना आहे. माझ्या सासूबाईंनाही वाटलं होतं. पण काजळाने डोळे मोठे होत नाहीत. काजळी डोळ्यात खुपते, बोटावरचे जंतू डोळ्यात जातात आणि विकतच्या काही काजळांत व सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा. आजींचं मन राहतं, बाळाचे डोळेही राहतात.

आईचं दूध डोळ्यात पिळायचं नाही. ते पोटात जाण्यासाठी आहे. हळद, एरंडेल, मध, लिंबू, तुरटी, अंगारा यांतलं काही डोळ्याजवळ लावायचं नाही.

धुरी देत असाल तर ती बंद करा. धुराने पापण्या आणखी चुरचुरतात आणि बाळाच्या छातीलाही त्रास होतो. चुलीजवळ बाळाला घेऊन बसणंही टाळा.

आणि आता ती ट्यूब.

ट्यूबमध्ये असतं काय?

तीन दिवसांत कातडी स्वच्छ करणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड नावाचं औषध असतं. स्टेरॉइड वाईट नाही. योग्य जागी, योग्य ताकदीचं, ठरलेल्या दिवसांपुरतं दिलं तर ते फार उपयोगी आहे. पण ते लाली आणि सूज दाबतं, आजाराचं मूळ काढत नाही. म्हणून बंद केलं की परत उठतं.

डोळ्यावरची कातडी आपल्या अंगावरची सगळ्यांत पातळ कातडी. त्यातून औषध लवकर आत शिरतं. बाळाची कातडी तर आणखी नाजूक. जोरदार स्टेरॉइड तिथे आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसतात, तोंडावर पुरळ उठतं. याहून मोठी भीती डोळ्याची. डोळ्याच्या आतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बाळ तर सांगूही शकत नाही की मला धूसर दिसतंय.

शिवाय बाजारात अशा ट्यूबा आहेत ज्यांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध तिन्ही एकत्र असतात. गजकर्णावर त्या लावल्या की वरून बरं वाटतं आणि आतून गजकर्ण पसरतं.

ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे कसं कळणार? खोक्यावर औषधांची नावं बारीक अक्षरात असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला सांगा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन ही सगळी स्टेरॉइडची नावं. यांतलं हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, क्लोबेटासोल फार जोरदार. खोक्यावर लाल उभी पट्टी असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. केंद्र सरकारने 2018 साली त्वचेला लावायच्या अनेक स्टेरॉइड मलमांनाही चिठ्ठीची सक्ती केली. कायदा आहे, पण आपण मागितलं की काउंटरवरून ट्यूब हातात येते. म्हणून मागणाऱ्याने शहाणं व्हायला हवं.

कुणी बरेच दिवस लावत असाल तर आता घाबरून जाऊ नका आणि लपवूही नका. ट्यूब पिशवीत घाला, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस लावली ते खरं सांगा. एकदम बंद केल्यावर कधी कधी लाली जोरात उसळते. ती घालवायला परत तीच ट्यूब लावायची नाही. कसं थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, गरज वाटली तर डोळे तपासायला पाठवतील.

डॉक्टर काय देतात?

सफाईने दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टर बुरशीवरचं सौम्य मलम देतात. लाली जास्त असेल तर कमी ताकदीचं हायड्रोकॉर्टिसोन थोड्या दिवसांसाठी, अगदी पातळ थरात लावायला सांगतात. दोन वर्षांपुढच्या मुलांना कधी कधी स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमससारखं मलम देतात. पापण्यांच्या कडेला जंतू झाले असतील तर डोळ्यांसाठीचं वेगळं मलम असतं. कातडीचं मलम आणि डोळ्याचं मलम ही दोन वेगळी औषधं आहेत. कातडीचं मलम डोळ्यात घालायचं नाही.

डॉक्टरांसमोर आपली जीभ अडखळते. म्हणून चार प्रश्न पाठ करून जा. यात स्टेरॉइड आहे का? डोळ्यापासून किती लांब लावायचं? किती दिवस लावायचं? परत कधी दाखवायचं? मिळालेलं उत्तर चिठ्ठीच्या मागे तिथेच लिहून घ्या. ठरलेले दिवस संपले की ट्यूब कपाटात जपून ठेवायची नाही.

वयात येणारी मुलं

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात कोंडा, भुवयांत भुगा, सकाळी पापण्यांच्या कडा लाल आणि चुरचुरणाऱ्या. मुलगी म्हणते डोळ्यात कचरा गेलाय. आपण म्हणतो मोबाइल बघतेस म्हणून. मोबाइलचं भांडण वेगळं करू, पण हा भुगा पापण्यांवरचा कोंडाच असू शकतो.

तिलाही तोच कोमट कापडाचा शेक, पण जरा जास्त वेळ, पाच मिनिटं. मग मिटलेल्या पापणीची कड अलगद पुसायची. डॉक्टरांनी सांगितलं तर अर्धी वाटी कोमट पाण्यात बाळाच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून त्या पाण्याने कड पुसता येते. डोक्यासाठी बुरशीवरचा शाम्पू मिळतो. तो केसांना पाच मिनिटं ठेवून धुवायचा असतो, आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. तो डोळ्यांजवळ आणायचा नाही. मैत्रिणींत एकच काजळपेन्सिल फिरते, ती बंद. पापण्या बऱ्या होईपर्यंत स्वतःचंही काजळ बंद.

या वयात चेहऱ्याची लाज वाटते. "घाणेरडी आहेस म्हणून कोंडा झाला" असं मुलीला म्हणू नका. ते खरंही नाही.

कधी थांबायचं नाही?

ही यादी तोंडपाठ करा. डोळ्याचा पांढरा भाग लाल झालाय. पू येतोय. पापणी सुजून डोळा उघडत नाही. उजेड सहन होत नाही, बाळ डोळे गच्च मिटून रडतंय. डोळ्याजवळ पाण्याचे बारीक फोड आलेत. ताप आहे, दूध पीत नाही. खपल्या अंगभर पसरल्यात किंवा त्यांतून पाणी, रक्त येतंय. सोबत जुलाब आहेत, वजन वाढत नाही. यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि बाळ महिन्याच्या आतलं असून डोळ्यातून पू येत असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

घाई नसेल तेव्हाही विचारायच्या जागा आपल्या गावातच आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येतात. त्या आल्या की बाळाचं टोपडं काढून डोकं दाखवा, भुवया दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताही येतं. मात्र डोळा लाल असेल तर फोनवर भागवू नका, प्रत्यक्ष दाखवा.

तुमचे काही प्रश्न

मागच्या वेळी हा विषय बैठकीत निघाला तेव्हा बायकांनी विचारलेले तीन प्रश्न सांगते.

एका ताईंनी विचारलं, "कोंड्यामुळे भुवईचे केस कायमचे जातील का?" नाही. खपलीबरोबर काही केस निघतात, ते परत येतात. उचकटून जखम केली तर मात्र त्रास वाढतो.

दुसऱ्या म्हणाल्या, "थंडीत वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो, असं का?" थंडीत कातडी कोरडी पडते आणि आपण बाळाला सतत टोपडं, कानपट्टीत गुंडाळतो. थंडीत पुष्कळांचा कोंडा वाढतो. टोपडं सुती, मऊ असू द्या, रोज बदला. लोकरीचं टोपडं घालायचं तर आत सुती घाला.

तिसरा प्रश्न एका आजींचा. "आमच्या वेळी काही नव्हतं, तरी पोरं वाढली की!" आजी, खरं आहे तुमचं. हा कोंडा तेव्हाही आपोआपच बरा व्हायचा. पण तेव्हा ही ट्यूबही नव्हती. म्हणून तर म्हणते, तुमच्या काळातला धीर परत आणूया. काजळ तेवढं राहू द्या.

गटात एक ठराव

मैत्रिणींनो, आमच्या गटाने एक ठराव वहीत लिहिलाय. एका घराची ट्यूब दुसऱ्या घरी द्यायची नाही आणि चिठ्ठीशिवाय बाळाच्या तोंडाला कुठलंही मलम लावायचं नाही. त्या दिवशी प्रत्येकीने घरातली जुनी ट्यूब बैठकीला आणली. अकरा ट्यूबा निघाल्या. सात जणींना ती कशासाठी आणली होती तेही आठवत नव्हतं. आशाताईंनी एकेकीचं नाव वाचून दाखवलं. काही मुदत संपलेल्या होत्या.

माझ्या जाऊबाईंची मुलगी आता चार वर्षांची आहे. तिचे डोळे ठीक आहेत. तरी मी तिच्याकडे बघते तेव्हा ती ट्यूब आठवते. चांगल्या मनाने दिली होती. पण औषध द्यायला चांगलं मन पुरत नाही, माहितीही लागते.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. कपाट उघडा, ट्यूबा बाहेर काढा, नावं वाचा. आणि घरात तान्हं बाळ असेल तर आज रात्री मऊ सुती कापडाचे चार तुकडे उकळायला ठेवा. एवढ्याने सुरुवात होईल.

भेटू पुढच्या वेळी. बाळांना जपा, स्वतःलाही जपा. नमस्कार.